अजून वैध नाही

तिसऱ्या रात्रीही एक्केचाळीस टक्क्यांवर थांबलं.
चाळीस नाही, बेचाळीस नाही, एक्केचाळीस.
आपटायचंच असेल तरी माणसानं इतकं ठरवून आपटू नये.

ओविदियो म्हणाला, पेनड्राइव्ह बदल. बदलला.
म्हणाला, फाइलच अर्धवट उतरली असेल.
मग त्याच्या घरी, चुलीशी खुर्च्या ओढून,
तो चौसष्ट अक्षरं एकेक करून वाचत गेला,
सात, एफ, तीन, तीन, शून्य, बी,
आणि मी कागदावर बोट सरकवत हुंकार देत गेले,
दुकानदाराचं बिल ताडून पाहावं तशी.
सगळी जुळली.
जुळली याचंच वाईट वाटलं.
चूक सापडली असती तर झोप तरी लागली असती.

बाहेर जूनचा वारा.
पुंता अरेनासमध्ये त्याला कुणी वारा म्हणत नाही,
नुसतं 'आज आहे' म्हणतात.

हे यंत्र मी नोटरी द्राग्निचच्या कचेरीच्या लिलावात घेतलं,
लोकर मंडळाच्या हिशेबांसाठी,
दोन मेंढ्यांच्या किमतीत.
झाकण उघडलं तर आत धूळ, एक टाचणी,
आणि शिक्क्याच्या शाईचा वास.
वास मला वाटला असेल.
डिस्कची वायर काढली, पुसली, परत बसवली.
मेमरीच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या.
पंखा बदकाच्या पिसानं झाडला.
एक्केचाळीस.

मुळात मी त्या ओळी वाचतच नव्हते.
पडदा काळा पडतो, पांढरी अक्षरं पळत सुटतात,
आणि आपण मान वळवतो,
डॉक्टरच्या अक्षरासमोर वळवतो तशी.
चौथ्यांदा मात्र चष्मा पुसून बसले.
शेवटून तिसरी ओळ:
सही अजून वैध नाही.

मुदत संपली, असं नाही. अजून.
जी सही झालीच नाही ती मी कशी मानू, म्हणत होतं यंत्र,
आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर खरंच होतं.
कोपऱ्यात तारीख होती,
एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतली बॅटरी कधीचीच संपलेली.
प्लग काढून पुन्हा लावला की
दर वेळी ते त्याच सकाळी जागं होत होतं.

दोन हजार नऊच्या जानेवारीत होडी माझी होती.
विकली मार्चमध्ये, त्याच कचेरीत,
कदाचित याच यंत्रासमोर बसून.
इथे सही करा बाई, आणि इथे, आणि मागच्या पानावर.
यंत्राच्या हिशेबी त्यातली एकही अजून झालेली नाही.
खेकड्यांचे पिंजरे डेकवर, इंजिन धूर सोडतंय,
हिवाळ्याआधी बूड रंगवायचं राहिलंय.
मी चहा ठेवला.
चहा संपेपर्यंत तारीख तशीच राहू दिली.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा उलटा केला,
नखानं झाकण उचकटलं.
बॅटरी तीच, कोटाच्या बटणाएवढी.
बसताना टिच वाजली.
निळ्या पडद्यात शिरून तारीख घातली,
वर्षाचे चारही आकडे जपून.

बेचाळीस आलं तेव्हा मी उभी होते.
ओविदियोला फोन करणार होते, पण रात्रीचे दोन वाजलेले.
सत्तरच्या आसपास यंत्रानं विचारलं, राहता कुठे?
यादीत सान्तियागो होतं, आमच्याहून तासभर मागे,
आणि त्याच्या जरा वर आमचं गाव, आपल्या वेगळ्या वेळेसकट,
तिथे खरंच कुणी राहतं असं समजून लिहिलेलं.

यंत्राचं नाव?
होडीचं नाव बोटांपर्यंत आलं होतं.
'कोसीना' लिहिलं. स्वयंपाकघर.
तिथेच आहे ते.

सकाळी पीठ अंदाजानं घेतलं. पाव दगड झाले.
ओविदियोनं कॉफीत बुडवून दोन खाल्ले
आणि विचारलं, शेवटी काय होतं गं?

बॅटरी, म्हटलं.